ओढायला गाव, थांबवायला कोण?

आहुप्याच्या रस्त्यावर पिकअप बंद पडली की पहिल्या पाच मिनिटांत जेवढी माणसं जमतात, तेवढी ग्रामसभेच्या कोरमलाही जमत नाहीत. एक जण करवंदीच्या जाळीतून निघतो. एका मोटरसायकलवरून तिघं उतरतात. बॉनेट उघडायच्या आत निदान झालेलं असतं.

"हवा धरली असंल."

"सेल्फ गेला."

"डिझेल हाय ना पण?"

हा शेवटचा प्रश्न गाडीमालकाला विचारू नये असा संकेत आहे. तरी तो दर वेळी विचारला जातो, आणि विचारणारा नेमका मालकाचा सख्खा चुलता असतो. माणसं मोसमागणिक बदलतात, पण पात्रं तीच राहतात. मालक, चुलता, ट्रॅक्टरवाला, सासुरवाडीहून आलेला पाव्हणा, आणि सगळ्यांपासून चार हात लांब दगडावर बसून तंबाखू मळणारा निवृत्त एसटी ड्रायव्हर. त्याला आख्खं खोरं ड्रायव्हरमामा म्हणतं.

आहुपे म्हणजे आंबेगाव तालुक्याचं पश्चिम टोक. घोडेगावाहून निघालेला रस्ता शिनोली, डिंभे करत, धरणाच्या पाण्याला वळसे घालत, चढत-उतरत इथं येतो आणि संपतो. पुढं सह्याद्रीचा कडा. समोर गोरखगड नि मच्छिंद्रगड, खाली मुरबाड तालुक्यातलं खोपिवली. तिकडं उतरायला आहुपे घाटाची पायवाट आहे. तिच्यावरून माणूस उतरतो, शेळी उतरते, सुट्टीच्या दिवशी ट्रेकर गुडघ्याला पट्टे बांधून उतरतात. गाडी उतरत नाही. उतरलीच तर एकदाच उतरेल.

त्यामुळे बिघडलेल्या गाडीला दिशा एकच, पूर्वेची. या बाजूच्या डोंगरांत उगम पावणारी घोड नदीही तिकडंच जाते. ती एकदा उताराला लागली की डिंभ्याला, हुतात्मा बाबू गेनू सागरात येऊनच थांबते. नदीला थांबवायला सरकारला धरण बांधावं लागलं. पिकअपला थांबवायला काय बांधायचं, याचा विचार मात्र कुणाच्या अजेंड्यावर नसतो, कारण सगळ्यांच्या तोंडी तेव्हा एकच सवाल असतो.

"दोरी हाय का?"

हिरड्याचा मोसम म्हटलं की गाडीत बाळहिरड्याची पोती असणारच. झाडावरून उतरवलेला, अंगणात वाळवलेला, वळवाच्या पहिल्या थेंबाला घाबरून घाईघाईनं पोत्यात भरलेला तो माल आज बाजारात पोचला पाहिजे. गाडी नि माल मिळून वजन तीन टनांच्या घरात जातं. पोत्यांवर बसलेली चार माणसं त्यात धरलेली नाहीत, कारण ती 'अशीच, जाता जाता' बसलेली असतात.

तासाभराच्या वादानंतर ठरतं की पंप गेला. तो काढायचा तर गाडी घोडेगावात मेस्त्रीकडं नेली पाहिजे.

"मग टोचन लावा!"

एवढा शब्द निघायचा अवकाश, सगळ्यांचे चेहरे उजळतात. आतापर्यंत खिशात हात घालून उभ्या असलेल्या प्रत्येकाला आपला जन्म नेमका कशासाठी झाला ते उमगतं. कुणी बैलाचा कासरा आणतो, कुणी विहिरीवरचा जुना नाडा. कुणी लग्नाच्या मांडवाचा नायलॉनचा दोर आणतो, त्याला अजून आंब्याची वाळकी पानं चिकटलेली असतात. गाठ कोणती मारायची यावर दोन तट पडतात, बांधायची कुठं यावर तीन.

"बंपरला बांधा. जवळ पडतंय."

जवळ पडतं म्हणून बंपरला बांधतात. ट्रॅक्टरवाला पहिला गिअर टाकतो. पुढून "येऊ द्या, येऊ द्या" आणि मागून "थांबा, थांबा" असे दोन्ही पुकारे एकाच दमात उठतात, आणि बंपर निघतो. ट्रॅक्टरमागून तो एकटाच खडखडत पुढच्या वळणापर्यंत जातो. पिकअप जागच्या जागी. ट्रॅक्टरवाला वळून बघत नाही. त्याचं म्हणणं, "गाडी लई हलकी लागली की!"

मग चॅसीला जोडलेला हूक सापडतो. कंपनीनं तो ह्याचसाठी दिलेला असतो, पण त्याला आजवर फक्त लिंबू-मिरची बांधलेली असते.

गाडीनं गाडी ओढण्याच्या या कलेचा सरकारनंही बारीक विचार केलेला आहे. 1989 च्या 'रूल्स ऑफ द रोड रेग्युलेशन्स'मधला विसावा नियम खास टोचनाचा. बंद पडलेली गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत किंवा पेट्रोल पंपापर्यंत ओढून न्यावी. पुढची चाकं उचललेली नसतील तर ओढल्या जाणाऱ्या गाडीत स्टिअरिंगवर परवानाधारक माणूस बसवावा. दोन गाड्यांमधलं अंतर पाच मीटरच्या वर जाऊ देऊ नये. दोर रस्त्यावरच्या इतरांना सहज ओळखू येईल असा असावा. मागच्या गाडीच्या पाठीवर पांढऱ्या जागेत काळ्या, किमान 75 मिलिमीटर उंच अक्षरांत 'ऑन टो' असं इंग्रजीत लिहिलेलं असावं. आणि वेग ताशी 24 किलोमीटरच्या वर नसावा. पंचवीस नाही, चोवीस. पंधरा मैलांचे किलोमीटर केले की एवढेच भरतात. 2017 साली या नियमांच्या जागी नवी ड्रायव्हिंग रेग्युलेशन्स आली, पण आहुप्याच्या रस्त्यावर ना जुन्यांची प्रत आली, ना नव्यांची.

पाव्हण्याच्या मोबाइलात मात्र ही कलमं असतात. पाव्हणा चाकणला एका कंपनीत क्वालिटी खात्यात आहे. त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट कुठल्या तरी मापात बसली पाहिजे, यावर त्याची निष्ठा आहे.

"दाजी, पाच मीटरच्या वर दोर चालत न्हाय."

"पाच मीटर म्हंजी किती?"

टेप कुणाकडंच नाही. एकानं पावलं टाकून मोजलं ते चार भरलं, दुसऱ्याचं सात. डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन हा तमाशा बघत उभी असलेली एक आजी शेवटी कंटाळून म्हणते, "सहावारीपरीस हातभर कमी, एवढं समजंना व्हय?" सहा वार म्हणजे साडेपाच मीटरला थोडे कमी. त्या दिवशी तिथं झालेलं हे एकमेव अचूक मोजमाप.

अक्षरांचं प्रकरण आणखी नाजूक. पिकअपच्या फाळक्यावर आधीच जागा नाही. 'आईचा आशीर्वाद' आहे, थोरल्या मुलाचं नाव आहे, धाकट्याचं आहे. 2015 साली महाराष्ट्रात 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला बंदी आली तेव्हा जी जागा मोकळी झाली, तिथं मुलीचं नाव आलं. आता 'ऑन टो'साठी कुणाला पुसायचं? अखेर खताची गोणी उलटी करून तिच्या पांढऱ्या बाजूवर पाचवीतल्या एका पोराकडून कोळशानं अक्षरं काढून घेतली. पोरानं मन लावून काढली. बांधणाऱ्यानं गोणी खालची बाजू वर करून बांधली. तशा अवस्थेत त्यातलं बाकी काही वाचता येत नव्हतं, पण शेवटी ठसठशीत इंग्रजी 'नो' मात्र दिसत होतं.

इतकं सगळं झाल्यावर ड्रायव्हरमामांनी तंबाखूची चिमूट गालात सोडली आणि पहिल्यांदा तोंड उघडलं.

"ब्रेकचं काय?"

सगळ्यांनी त्यांच्याकडं कीव आल्यागत पाहिलं. चुलता म्हणाला, "गाडी बंद पडलीया मामा. ब्रेक कशाला लागतोय?"

"आन ब्रेक एकदम टाइट हाय," मालक म्हणाला. "समद्यांनी दाबून बघितलाय."

हे खरं होतं. गाडी बंद पडल्यापासून ड्रायव्हरच्या सीटवर जो जो टेकला, त्यानं करायला दुसरं काही नाही म्हणून ब्रेक दाबून पाहिला होता. आणि प्रत्येक जण "कडक हाय!" असा निकाल देऊन समाधानानं उतरला होता.

"कडक हाय म्हंजीच गेलाय," मामा म्हणाले.

ही गोष्ट भल्याभल्यांना पटत नाही. पिकअपचा ब्रेक आपण पायानं मारतो असा आपला समज असतो. पाय फक्त इशारा देतो, जोर लावतो तो बूस्टर. पेडल आणि मास्टर सिलिंडर यांच्या मध्ये पत्र्याचा एक चपटा गोल डबा असतो, आत रबरी पडदा. पडद्याच्या एका अंगाची हवा खेचून काढलेली असते. पेडल दाबलं की दुसऱ्या अंगानं बाहेरची हवा घुसते आणि पडद्याला पुढं रेटते. हवा खेचायचं काम डिझेल गाडीत इंजिनाच्या जोरावर फिरणारा व्हॅक्यूम पंप करतो. बऱ्याच गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीला बसवलेला असतो. इंजिन थांबलं की पंपही थांबतो. डब्यातला शिलकी व्हॅक्यूम दोन-तीन दाबांना पुरतो. म्हणजे जी काही पुंजी होती, ती 'ब्रेक आहे का' हे तपासण्यातच गावानं उडवून टाकली होती. आता तीन टनांची गाडी थांबवायची तर एकट्या मांडीच्या जोरावर. पॉवर स्टिअरिंगची मदतही इंजिनाबरोबर गेलेली, त्यामुळे वळवायची ती दंडाच्या जोरावर.

मामांनी शेवटचा घाव घातला. "आमच्या एसटीची हवा गेली तर गाडी जागची हालत न्हाय. तुमची गेली तर जागेवर थांबत न्हाय."

त्यात काही बढाई नव्हती. एसटीच्या एअर ब्रेकमध्ये दणकट स्प्रिंग असतात. हवेचा दाब त्या स्प्रिंगांना मागं दाबून धरतो, म्हणून गाडी चालते. दाब उतरला की स्प्रिंग सुटतात आणि चाकं जखडली जातात. ही सगळी रचना ज्यानं केली, त्यानं गडी विसरणार हे आधीच धरून ठेवलं असणार.

"मग रॉड लावू," ट्रॅक्टरवाला म्हणाला. "टोचनाचा लोखंडी रॉड. मी थांबलो की ती थांबणार. विषय संपला."

"आन उताराला?"

ट्रॅक्टरवाला विचारात पडला. दोर असला तर पुढच्यानं ब्रेक मारल्यावर मागची गाडी येऊन त्याच्या बुडाला धडकते. रॉड असला तर धडकत नाही, सरळ ढकलतच नेते. उतारावर मग कोण कुणाला टोचन करतंय हे सांगणं अवघड. त्यातून ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकांचे ब्रेक वेगळे, पेडलं दोन. शेतात जागच्या जागी वळायला ते बरं पडतं. रस्त्यावर आल्यावर दोन्ही पेडलं खिटीनं एकत्र जोडायची असतात. ही खिटी आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॅक्टरांना कंपनीनं शोभेसाठी दिलेली आहे. तालुक्याच्या पूर्वेला, पारगावकडं, गाळपाच्या दिवसांत उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रांगेनं दिसतात. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक आहे का, असं विचारलं तर ड्रायव्हर गाण्याचा आवाज कमी करतो, "काय म्हनला?" असं विचारतो, आणि आवाज परत वाढवतो.

म्हणजे राहिला दोरच. दोराच्या टोचनाचा एक नियम आहे, तो कुठल्या कलमात नाही पण प्रत्येक जुन्या ड्रायव्हरला पाठ आहे. दोर कायम ताणलेला ठेवायचा. तो ताणलेला राहावा म्हणून उतारावर ब्रेक मागच्यानं मारायचा, दोन्ही गाड्यांच्या वतीनं. थोडक्यात, जिच्या ब्रेकमध्ये दम नाही तिनंच सगळा ब्रेक मारायचा. एवढं ऐकल्यावर जमलेल्यांतल्या परवानाधारकांना एकापाठोपाठ एक घरची कामं आठवू लागली.

इथं पाव्हण्यानं सूत्रं हाती घेतली. त्याचा एक मावसभाऊ अमेरिकेत असतो. आहुप्यात मोबाइलची रेंज जागा धरून असते, आणि ती जागा गाडीपासून बरीच वर, एका खडकावर आहे. सगळी मंडळी तिथं चढली. व्हिडिओ कॉल लागला. तिकडं मध्यरात्र होती. मावसभाऊ पांघरुणातून बोलत होता.

त्यानं जे सांगितलं ते खालच्या पंचक्रोशीत अजून सांगितलं जातं. अमेरिकेत लोक निवृत्त झाले की घरालाच चाकं लावतात. आत पलंग, शेगडी, न्हाणी, सगळं. ते घर चालवत देश बघत हिंडतात, आणि घराच्या मागं आपली नेहमीची जीप किंवा पिकअप टोचन करून नेतात. चारही चाकं जमिनीवर, आत माणूस नाही.

"बंद पडलेली?" मालकानं विचारलं.

"नाही, चांगली चालू."

"मग वढतो कशाला?"

"घर कुठं तरी उभं केलं की भाजी आणायला लागते म्हणून."

खडकावर बराच वेळ कुणी बोललं नाही. चांगली गाडी टोचन करून न्यायची कल्पना पचायला वेळ लागतो.

मावसभाऊ पुढं म्हणाला, तिथल्या बऱ्याच राज्यांत ओढल्या जाणाऱ्या वाहनाचं वजन एका मर्यादेबाहेर गेलं, पुष्कळ ठिकाणी तीन हजार पौंडांच्या, म्हणजे तेराशे-साडेतेराशे किलोंच्या वर, की त्याला स्वतःचा ब्रेक हवा. पण ब्रेक मारायला आत माणूसच नाही. त्यासाठी एक पेटी मिळते. ती ड्रायव्हरच्या पायांच्या जागी ठेवायची, सीट पुढं सरकवून तिला टेकवायची, आणि पेटीचा लोखंडी हात पेडलला अडकवायचा. पुढच्या घरानं ब्रेक मारला की पेटीला वेग कमी झाल्याचं समजतं आणि हात पेडल दाबतो. अशाच एका पेटीचं नाव 'ब्रेक बडी', ब्रेकदोस्त. शिवाय दोन्ही वाहनांमध्ये एक बारीक तार असते. टोचन तुटलं की ती तार पिन उपसते आणि मागची गाडी आपला आपला ब्रेक लावून घेते.

"केवढ्याला?" चुलत्यानं विचारलं.

"हजार-दीड हजार डॉलर."

पाव्हण्यानं हिशेब केला. लाखाच्या वर. "एवढ्यात म्हस येती," चुलता म्हणाला, "आन ती बोलवली की थांबती तरी."

पण पाव्हण्याच्या डोक्यात किडा शिरला होता. पेटी नाही तर नाही, तत्त्व तर कळलं. खाली उतरून त्यानं स्वदेशी ब्रेकदोस्त बसवायला घेतला.

पहिला प्रयोग सायकलच्या ब्रेकच्या तारेचा. तार पिकअपच्या पेडलला बांधली, बॉनेटखालच्या एका भोकातून पुढं काढली आणि तिचं टोक ट्रॅक्टरला अडकवलं. तारेला ओढ बसली की पेडल दबणार. चाचणी झाली. ट्रॅक्टर पुढं निघाला, दोर ताणला, तारही ताणली, पेडल दबलं. ट्रॅक्टर थांबला, पिकअप पुढं सरकली, दोर सैल पडला, तारही सैल, पेडल सुटलं. म्हणजे ओढताना ब्रेक लागत होता आणि थांबताना मोकळा होत होता. पाव्हणा म्हणाला, "तत्त्व बरोबर आहे, फक्त दिशा उलटी आहे." तोवर सायकल कुणाची होती ते पोरगं रडत आलं.

दुसरा प्रयोग खऱ्या बुद्धीचा होता. बूस्टरला व्हॅक्यूम पाहिजे ना? तो दूध काढायच्या मशीनमध्ये असतो! खालच्या वाडीत एकाच्या गोठ्यात असं मशीन होतं. दसऱ्याला त्याची पूजा होत असे आणि एरवी म्हशीचं दूध हातानंच काढलं जाई. मशीन आलं. त्याचा पाइप बूस्टरच्या नळीला सायकलच्या ट्यूबच्या रबरानं आवळून बांधला. शेजारच्या घरातून वायर ओढून वीज आणली. पंप सुरू झाला. मामांनी पेडल दाबलं आणि भुवया वर गेल्या.

"मऊ झालाय की रं!"

टाळ्या पडल्या. यात अजिबात चमत्कार नव्हता. दूध काढणारं मशीन वातावरणाच्या निम्म्याच्या आसपासचा व्हॅक्यूम धरतं. गाडीच्या पंपापेक्षा तो कमी असला तरी पायाला मदत करण्याइतका असतोच. अमेरिकेतल्या काही किटांमध्येही विजेवर चालणारा छोटा व्हॅक्यूम पंप असतोच. फरक एवढाच की तो गाडीच्या बॅटरीवर चालतो. इथला ब्रेक वायर पुरेल तिथपर्यंत, म्हणजे पिंपळाच्या झाडापर्यंत लागणार होता. तेवढ्यापुरता तरी तो लागला असता. पण वायर कुठून जोडून घ्यावी यावर खल चालू असतानाच लाइट गेली.

"कधी येती?"

"आली की येती."

तिसरा प्रयोग चुलत्याचा. मागं ट्रकचं जुनं टायर बांधा, ते घासत येईल आणि गाडी आवरेल. कल्पना पुरातन आहे आणि वाईट नाही, पण टायरवर ओझं पाहिजे म्हणून त्यात दोन माणसं बसवावीत, असं चुलत्यानं सुचवलं. तिथून मग चर्चा कोणती दोन माणसं याकडं वळली आणि भाऊबंदकीवर गेली.

उतारावर आधी थांबण्याची सोय करावी आणि मग निघावं, हे शहाणपण याच सह्याद्रीत, आहुप्याच्या दक्षिणेला, फार पूर्वी दाखवलं गेलेलं आहे. बोरघाटातला रेल्वेचा चढ 1863 मध्ये खुला झाला. सदतिसास एक असा तो चढ चढवायचा कसा याची इंजिनिअरांना काळजी होतीच, पण उतरताना गाडी सुटली तर काय, याची जास्त होती. म्हणून तिथं वर चढत जाणारे आडफाटे ठेवले. आवरेनाशी झालेली गाडी त्यांत शिरायची आणि चढ लागला की दमून थांबायची. आजही घाट उतरणाऱ्या गाड्या मध्येच थांबवून ब्रेक तपासतात. आत बसलेले पुण्याचे प्रवासी घड्याळ बघत म्हणतात, "उगाच थांबवतात." अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउसनं 1872 साली आपोआप लागणारा एअर ब्रेक आणला, त्याचं मर्मही हेच होतं. डबे तुटले, नळी फाटली, हवा गेली, की ब्रेक लागलाच पाहिजे. मावसभावाच्या पेटीतली ती बारीक तार म्हणजे त्याच बुद्धीची नात.

आहुप्यात शेवटी दीडशे वर्षांची सगळी प्रगती बाजूला ठेवून जो ब्रेक बसवण्यात आला तो असा. स्टिअरिंगवर ड्रायव्हरमामा, कारण परवाना असून घरची कामं न आठवलेले ते एकटेच. त्यांच्या डाव्या हाताशी हँडब्रेक. तो तारेनं मागच्या चाकांना लागतो, त्याला इंजिनाशी देणंघेणं नसतं. गिअर न्यूट्रल. मागं फाळक्यावर दोन चपळ पोरं, दोघांच्या हातात प्रत्येकी एक धोंडा. मामा ओरडले की उडी मारायची आणि चाकाखाली दगड लावायचा. पाव्हण्यानं दगडांची तपासणी केली आणि त्यांतला एक 'स्पेसिफिकेशनच्या बाहेर' म्हणून बदलायला लावला. बदललेला बरा निघाला, हे त्याच्या बाजूनं नमूद केलं पाहिजे.

मामांनी दोन्ही ड्रायव्हरांना सूचना दिल्या, म्हणजे ट्रॅक्टरवाल्याला आणि स्वतःला.

"तू फकस्त वढायचं. थांबवायचं माझ्यावर सोड. आन माघारी बघू नको. बघितलंस की हात वळतो."

निघताना पहिलंच वळण आलं आणि स्टिअरिंग फिरेना. बॅटरी वाचावी म्हणून मालकानं चावी काढून खिशात घातली होती, त्यामुळे स्टिअरिंग लॉक झालं होतं. मामांनी हँडब्रेक खेचला, पोरांनी दगड लावले, ट्रॅक्टरला कळलंच नाही, मांडवाचा दोर तुटला. ट्रॅक्टर पुन्हा एकदा हलका झाला. या खेपेला त्याला शोधायला मोटरसायकल पाठवावी लागली.

चावी लागली, दोर तिहेरी केला, वरात पुढं निघाली. उतार आला की मामा हँडब्रेकची कळ दाबून धरत आणि इंचाइंचानं ओढत. दोर ताणलेला राही. शिवाय मांडीच्या जोरावर पेडल. चढ आला की कपाळ पुसत. धरणाच्या कडेनं जाताना समोरून एसटी आली. अरुंद रस्ता, एका बाजूला पाणी. एसटीचा ड्रायव्हर खिडकीतून वाकला, मागं कोण बसलंय ते पाहिलं आणि एकदम गाडी कडेला घेऊन थांबला. मामांनी दोन बोटं कपाळाला लावली. वरात निघून गेल्यावर एसटीतल्या एका प्रवाशानं खिडकीतून मागची गोणी वाचायचा प्रयत्न केला आणि शेजाऱ्याला विचारलं, "'नो' काय? विक्रीला न्हाय का?"

चोवीस किलोमीटरची वेगमर्यादा कुणी मोडली नाही. ती गाठलीच नाही.

घोडेगावात पोचेपर्यंत दिवे लागले होते. मेस्त्रीनं टॉर्च मारून पंप पाहिला. मग मागच्या चाकाजवळ नाक नेऊन वास घेतला.

"लायनर जळालेत. हँडब्रेक लावून वढलीया काय?"

"लावूनच वढली," मामा म्हणाले. "नायतर धरणातनं काढायला लागली असती."

गाडी उभी राहिली, चहा झाला आणि हिशेबाची वेळ आली. मालकानं पाकीट काढलं. ट्रॅक्टरवाल्याला डिझेलचे आणि वर खुशीचे दिले. मांडवाच्या दोराची भरपाई दिली. दगड लावणाऱ्या पोरांना भेळीपुरते दिले. सायकलच्या तारेचे पैसे पाव्हण्यानं आपल्या खिशातून दिले, तेव्हा मालकानं ते नको नको म्हणत दोनदा मोजून घेतले. सगळं वाटून झाल्यावर मामा अजून तिथंच उभे होते.

"मामा, तुमचं काय राह्यलं?"

"बसल्याचं."

मालक मनापासून चकित झाला. "वढलं त्याला दिलं की मामा. तुम्ही तर नुस्तं गाडीत बसून आला!"

मामांनी वाद घातला नाही. त्यांनी तंबाखूची डबी काढली.

"बराय. पंप बसवायला मेस्त्रीला दोन दिस लागणार. तवर पोती ह्या ट्रॅक्टरमागं ट्रॉली जोडून न्या बाजारात. ट्रॉलीला ब्रेक न्हाय, तवा कुणी तरी मागं बसाय पायजे. नुस्तं बसायचंय." आणि ते पाव्हण्याकडं वळले. "बसता का पाव्हणं?"

पाव्हण्यानं मोबाइल कानाला लावला होता. घोडेगावात रेंज चांगली असते. तो "हॅलो, हॅलो" करत रस्त्याच्या पलीकडं निघाला, आणि दाजी पाकिटाची चेन पुन्हा उघडू लागले.